जमिनीखालचा जमाखर्च

अमेरिकेच्या ईशान्य भागात घराचा पाया निदान तीन फूट खाली न्यावा लागतो. हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि पाया उथळ असेल तर त्याला वर ढकलतं. म्हणून पाया गोठणाऱ्या थराच्या खाली बसवायचा. एवढं खणलंच आहे तर आणखी चार-पाच फूट खणून अख्खी खोली काढणं बिल्डरला फार महाग पडत नाही. त्यामुळे न्यू जर्सीत घराखाली बहुधा घराच्याच लांबीरुंदीचं बेसमेंट असतं. काँक्रीटच्या उघड्या भिंती, मधे लोखंडी खांब, कोपऱ्यात फर्नेस आणि पाण्याचा हीटर. सुरुवातीला तिथे रिकाम्या सुटकेसा जातात, मग कॉस्टकोचे खोके, मग गणपतीचं मखर. पाच-सात वर्षांनी जेवणाच्या टेबलावर विषय निघतो, "आता बेसमेंट फिनिश करून घेऊ या."

पुढचा संवाद पार्सिपनीच्या बाजूच्या अशाच एका घरातला. वहिनी हिशेबनीस आहेत आणि घर त्यांचं आहे. भाऊजी घरांच्या विम्याचे दावे तपासतात, आणि भिजलेली बेसमेंटं पाहणं हा त्यांचा रोजचा धंदा आहे. दादा म्हणजे वहिनींचा नवरा, भाऊजींचा भाऊ. माणसं कल्पित आहेत. रकमाही ८०० चौरस फुटांच्या बेसमेंटसाठी नमुन्यादाखल धरलेल्या आहेत. कायदे आणि नियम मात्र खरे आहेत.

वहिनी : हे बघा कोटेशन. ६२ हजार डॉलर. फ्रेमिंग, इन्सुलेशन, शीटरॉक आणि सीलिंग मिळून २२ हजार, इलेक्ट्रिकल ८, फ्लोअरिंग ६, बाथरूम १७ आणि बार ९. तीन जणांकडून मागवली होती, त्यातलं हे मधलं.

भाऊजी : बार कुणासाठी? दादा तर अर्ध्या ग्लासात पेंगायला लागतो.

वहिनी : बार म्हणजे नावाला हो. एक सिंक, छोटा फ्रिज आणि चहाची सोय. मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमी आमच्याकडे असतात, पंधरा माणसांचा चहा घेऊन जिना उतरून बघा एकदा.

भाऊजी : चहासाठी ९ हजार? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला हा. पण ते राहू दे. मला आधी सांगा, हे ६२ हजार परत येणार आहेत असं धरलंय का तुम्ही?

वहिनी : घराची किंमत वाढेलच की.

भाऊजी : वाढेल, पण तुम्हाला वाटते तेवढी नाही. गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे कंपनीच्या कर्जासाठी जे मूल्यांकन होतं, त्यात जमिनीखालची जागा घराच्या मुख्य क्षेत्रफळात धरतच नाहीत. तुम्ही खाली संगमरवर बसवा, तरी ती वेगळ्या ओळीत जाते. १ एप्रिल २०२२ पासून मोजमापाची पद्धतही ठरवून दिलेली आहे. वरचं घर २ हजार चौरस फुटांचं असेल तर कागदावर ते २ हजारच राहतं, २८०० होत नाही.

वहिनी : भाऊजी, मी घरात राहते, मूल्यांकनाच्या कागदात नाही. आणि परतावाच मोजायचा तर माझ्या बाजूने मोजू या. आम्हाला जागा कमी पडतेय हे तर मान्य? मग दोनच वाटा आहेत, खाली पसरायचं नाहीतर मोठं घर घ्यायचं. जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता, तेव्हा आम्ही पावणेतीन टक्क्यांनी कर्ज फिरवून घेतलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच दर ७.७९ वर गेला. नवं घर घेतलं की हे कर्ज सुटलं. ४ लाखांवर पावणेतीन टक्क्यांनी वर्षाचं व्याज ११ हजार होतं. दर उतरून साडेसहावर आला असं धरलं तरी २६ हजार. म्हणजे फक्त दर बदलल्यामुळे वर्षाला १५ हजार जास्त. चार वर्षांत तुमचे ६२ हजार जवळजवळ तिथेच गेले, आणि दलालीचा आकडा मी अजून काढलेलाच नाही.

भाऊजी : हा मुद्दा बिनतोड आहे. तो लिहून ठेवा, दादाला पटवायला उपयोगी पडेल. पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की खाली पसरावं. कसं पसरावं हे सिद्ध होत नाही. माझी तक्रार आकड्याबद्दल नाही, आकड्यांच्या क्रमाबद्दल आहे. तुमच्या कोटेशनमध्ये जे डोळ्यांना दिसतं ते सगळं आहे. जे दिसत नाही त्यातलं काहीच नाही.

वहिनी : उदाहरणार्थ?

भाऊजी : पाणी. उत्तरेकडच्या भिंतीला खाली वीतभर पांढरी पावडर धरली आहे, पाहिलीत? काँक्रीटमधून ओल बाहेर येते, वाळते आणि क्षार मागे राहतात. तिच्यापुढे स्टडची भिंत उभी करून शीटरॉक मारला, की ओल दिसायची बंद होईल, यायची बंद होणार नाही.

वहिनी : म्हणजे आता वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवायचं? तो १५ हजारांच्या खाली बोलत नाही म्हणतात.

भाऊजी : त्याला सगळ्यात शेवटी बोलवायचं. आधी जमिनीला दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि निदान सोळा तास तसंच राहू द्या. खालच्या बाजूला थेंब धरले तर ओल स्लॅबमधून येतेय. मग बाहेर जाऊन पन्हळी बघा. १ हजार चौरस फूट छपरावर इंचभर पाऊस पडला की ६०० गॅलनांहून जास्त पाणी होतं, आणि तुमचा डाउनस्पाउट ते सगळं भिंतीच्या मुळाशी ओततोय. त्याला सहा-आठ फुटांचा पाइप जोडून पाणी लांब न्या. भिंतीपासून दहा फुटांत जमीन सहा इंच तरी उतरली पाहिजे. तुमच्या फुलांच्या वाफ्याने उलटा उतार केलाय. यातलं बरंचसं काम फावड्याने होतं.

वहिनी : वाफा दादांनी केलाय, मी नाही. पुढे?

भाऊजी : संप पंप, म्हणजे खड्ड्यात साचलेलं पाणी उपसणारा. तो विजेवर चालतो, आणि वीज नेमकी वादळातच जाते. त्याला बॅटरीचा जोडपंप हवा. १ सप्टेंबर २०२१ ची रात्र आठवते ना? आयडा चक्रीवादळाचे अवशेष आले आणि काही तासांत राज्यभर पाणी झालं. नदीपासून मैलभर लांब असलेल्या घरांची बेसमेंटंही भरली.

वहिनी : आणि विमा?

भाऊजी : इथेच बहुतेकांची फसगत होते. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. गटाराचं पाणी उलटलं किंवा पंप बंद पडला, तर त्यासाठी वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं. आणि सरकारी पूरविमा असला तरी तो बेसमेंटमधला फर्नेस, हीटर, विजेचा पॅनेल असलं भरून देतो. फिनिश केलेल्या भिंती, फरशी, सोफा यांचे पैसे देत नाही. म्हणजे तुम्ही जे ६२ हजार घालणार आहात, जवळजवळ तेवढ्याच भागाला त्या विम्याचं छत्र नाही.

वहिनी : हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या मंडळात निम्म्या लोकांनी बेसमेंट केलंय.

भाऊजी : मंडळात रेडॉनबद्दल तरी कुणी बोलतं का?

वहिनी : घर घेताना तपासणीत काहीतरी आकडा होता. तो वकिलाच्या फायलीत असेल.

भाऊजी : डिसेंबर १९८४. पेनसिल्व्हेनियात लिमरिकचं अणुवीज केंद्र बांधून होत आलं होतं. स्टॅनले वॉट्रस नावाच्या अभियंत्याच्या अंगावरून किरणोत्सर्गाची घंटा वाजायला लागली. गंमत म्हणजे केंद्र अजून सुरूच झालेलं नव्हतं. शोध घेतला तेव्हा कळलं, तो किरणोत्सर्ग कामावरून घरी नेत नव्हता, घरून कामावर आणत होता. त्याच्या घराखालच्या खडकातून रेडॉन वायू येत होता. त्या खडकाचा पट्टा तिथून सरळ उत्तर न्यू जर्सीत येतो.

वहिनी : घाबरवू नका.

भाऊजी : घाबरण्यासारखं नाही, मोजण्यासारखं आहे. रेडॉनला वास नाही, रंग नाही. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानानंतरचं दुसरं मोठं कारण तो मानला जातो. हवेच्या लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा जास्त आढळलं तर उपाय करा, असं इथलं पर्यावरण खातं सांगतं. चाचणीचा डबा स्वस्तात मिळतो, दारंखिडक्या मिटून दोनचार दिवस ठेवायचा. उपायही साधा आहे. स्लॅबला भोक पाडून पाइप घालायचा आणि पंख्याने खालची हवा छपराच्या वर सोडायची. आज हे काम एका दिवसाचं आहे. फ्लोअरिंग आणि सीलिंग झाल्यावर हाच पाइप तुमच्या नव्या हॉलच्या मधून जाईल. आणि आज तुम्ही खाली दहा मिनिटं असता, उद्या दहा तास असाल.

वहिनी : ठीक. पाइप, पंप, पाणी मिळून किती धरू?

भाऊजी : साडेचार हजार.

वहिनी : धरले. आता माझं ऐका. हे सगळं आईबाबांसाठी चाललंय. ते सहा महिन्यांसाठी येतात आणि अभ्यासिकेतल्या सोफाकम-बेडवर झोपतात. खाली त्यांना स्वतंत्र खोली, शेजारी बाथरूम. म्हणून ते १७ हजार.

भाऊजी : बाबांच्या गुडघ्यांचं काय?

वहिनी : ...

भाऊजी : दिवसातून सहा वेळा तेरा पायऱ्या. चहाला वर, जेवायला वर, उन्हात बसायला वर. जानेवारीत बाहेर पडता येत नाही तेव्हा खिडकीबाहेर निदान रस्ता तरी दिसायला हवा. खाली त्यांना काय दिसणार, हीटर?

वहिनी : मग कुणाला ठेवू खाली?

भाऊजी : चिरंजीवांना. वय वर्षं पंधरा. खाली राहा म्हटलं तर तो तुमचे पाय धरेल. त्याची वरची खोली आईबाबांना द्या, बाथरूम समोरच आहे.

वहिनी : हे सुचायला हवं होतं मला. पण मग खाली कुणीतरी झोपणारच.

भाऊजी : झोपणार म्हणून खिडकी हवी, आणि ती तुमच्या कोटेशनमध्ये नाही. आत्ता आहे ती फळीएवढी खिडकी, तिच्यातून मांजर जाईल. बेसमेंटच्या झोपायच्या खोलीतून आगीच्या वेळी माणूस बाहेर पडू शकला पाहिजे आणि अग्निशमनवाला पाठीवर टाकी घेऊन आत येऊ शकला पाहिजे. उघडल्यावर निदान २० इंच रुंद, २४ इंच उंच आणि एकूण ५.७ चौरस फूट मोकळी जागा. जमिनीच्या पातळीला असेल तर ५ चालतात. खालची कड फरशीपासून ४४ इंचांच्या वर नको. बाहेर ९ चौरस फुटांची विहीर, आणि ती ४४ इंचांहून खोल असेल तर शिडी. त्यासाठी काँक्रीटची भिंत कापावी लागते. ६,५०० धरा.

वहिनी : खिडकीला साडेसहा हजार!

भाऊजी : खिडकी हजाराची आहे. बाकीचे भिंत कापण्याचे, खड्ड्याचे आणि खड्ड्यातलं पाणी निचरण्याचे. न्यूयॉर्कमध्ये आयडाच्या रात्री जे मेले त्यातले बहुतेक बेसमेंटच्या घरांत अडकून मेले. तिथे पाणी आत आलं आणि माणसांना बाहेर पडता आलं नाही. या एका ओळीत मी तुमच्याशी घासाघीस करणार नाही.

वहिनी : मीही करत नाही. पण मग बाथरूम सोडणार नाही. पंधरा माणसं तालमीला आली की वरच्या मजल्यावर रांग लागते.

भाऊजी : तुमच्या घराचा सांडपाण्याचा पाइप बेसमेंटच्या भिंतीतून छातीच्या उंचीवर बाहेर जातो. खालच्या कमोडचं पाणी वर चढवायला इजेक्टर पंप लागेल, म्हणजे स्लॅब फोडून खड्डा. १७ हजारांतला मोठा भाग त्यातच आहे.

वहिनी : म्हणूनच म्हणते, एकदाच फोडा. फ्लोअरिंग घातल्यावर तीन वर्षांनी पुन्हा स्लॅब फोडायचा, पुन्हा परवाना, पुन्हा प्लंबर, पुन्हा घरभर धूळ? तुमची काटकसर तिथे उलटी पडेल.

भाऊजी : तेही खरं. मग मधला मार्ग घ्या. खड्डा आणि स्लॅबखालचे पाइप आत्ता करून तोंडं बंद करा. ५ हजार. बाथरूमचं वरचं काम पैसे होतील तेव्हा.

वहिनी : आणि बार?

भाऊजी : एक टेबल, त्यावर चहाचं मशीन.

वहिनी : बार सोडला. आता तुमच्या पोतडीत काय आहे?

भाऊजी : मजुरी वाचवू या. न्यू जर्सीत स्वतःच्या, स्वतः राहत असलेल्या एकाच कुटुंबाच्या घरात मालकाला परवाना काढून स्वतः काम करता येतं. मी आणि दादा वीकेंडला फ्रेमिंग करतो, निदान ८ हजार वाचतील.

वहिनी : तुमच्या घराच्या डेकला किती उन्हाळे लागले, भाऊजी?

भाऊजी : ते पावसामुळे...

वहिनी : हिशेब माझ्यावर सोडा. तुम्ही दोघं शनिवारी दहाला उगवणार, बारापर्यंत होम डेपोत, मग जेवण, मग क्रिकेट. आईबाबा जूनमध्ये येतात. काम अर्धवट राहिलं तर मुलगा खाली जाणार नाही, म्हणजे आईबाबा पुन्हा सोफ्यावर. आणि फ्रेमिंगच्या तपासणीत चूक निघाली की इलेक्ट्रिशियन थांबतो, त्याच्यामागे शीटरॉकवाला थांबतो. वाचलेले ८ हजार थांबण्यातच जातील. तुम्ही रंग द्या. रंग तसाही कोटेशनमध्ये नाही.

भाऊजी : नाही?

वहिनी : शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत आहे. रंग, परवाना आणि कचऱ्याचा कंटेनर मालकाकडे. आणि फ्लोअरिंगचे ६ हजार हाही अंदाजच, म्हणजे एका ठरावीक दराची फळी धरून काढलेला. दुकानात जाऊन मी महाग निवडली की फरक माझ्या खिशातून. तुम्ही भिंतीमागचं बघता, मी पानामागचं बघते.

भाऊजी : आता बोललात! कंत्राटदाराचा नोंदणी क्रमांक पाहिलात? न्यू जर्सीत घरदुरुस्ती करणाऱ्याची राज्याकडे नोंदणी असावी लागते. पाचशे डॉलरच्या वरचं काम असेल तर करार लेखीच हवा आणि तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्हाला तो रद्द करता येतो.

वहिनी : पाहिलाय. आणि हप्ते मी बांधलेत. त्याने निम्मी रक्कम आगाऊ मागितली होती. मी म्हटलं, १० टक्के सहीला, बाकीचे तपासण्यांना. फ्रेमिंग, आतली वायरिंग आणि प्लंबिंग, इन्सुलेशन, प्रत्येक तपासणी पास झाली की एक हप्ता. शेवटचे १० टक्के नगरपालिकेचा अंतिम दाखला हातात आल्यावर.

भाऊजी : अंतिम दाखल्याचं छान केलंत. लोक काम झालं की तपासणी विसरतात, आणि घर विकताना उघडा परवाना सापडतो.

वहिनी : आमच्या ओळखीत काहींनी परवानाच काढला नाही. वर्षाला घरपट्टी वाढते म्हणून.

भाऊजी : वाढते की नाही?

वहिनी : वाढते. दाखला झाला की करनिर्धारक वाढीव मूल्य लावतो. समजा मूल्य ३० हजारांनी वाढलं आणि दर सव्वादोन टक्के असला तर वर्षाला पावणेसातशे. पण परवाना नसलेल्या वायरिंगने आग लागली तर विमा कंपनी काय म्हणेल, ते तुम्हीच सांगा.

भाऊजी : मी काय म्हणेन ते सांगवत नाही. प्रश्न विचारेन आणि दावा लांबवेन, एवढं नक्की.

वहिनी : म्हणजे पावणेसातशे हा शांत झोपेचा खर्च. उलट दोन ठिकाणी सवलत आहे. कायम टिकणाऱ्या सुधारणेच्या मजुरीवर न्यू जर्सीत विक्रीकर लागत नाही. फ्लोअरिंगसारखे अपवाद आहेत. त्यासाठी मालकाने एसटी-८ हा फॉर्म भरून द्यायचा, मी भरून ठेवलाय. आणि सगळ्या पावत्या जपायच्या. घर विकताना हा खर्च घराच्या मूळ किमतीत मिळवता येतो. नवराबायकोला ५ लाखांपर्यंतच्या नफ्यावर केंद्राचा कर माफ असतो, पण वीस वर्षांत घरांचे भाव कुठे जातील, त्यावर या पावत्यांची किंमत ठरेल.

भाऊजी : इन्सुलेशनचं बघा. इथे फायबरग्लासची गादी आणि त्यावर प्लास्टिक लिहिलंय. काँक्रीटला लागून ते नको. ओल मधे कोंडते आणि बुरशी धरते. फोमचे कडक तक्ते आधी भिंतीला चिकटवायचे, मग स्टड. स्टडखालची पट्टी प्रक्रिया केलेल्या लाकडाची. फोम उघडा ठेवायचा नाही, वर शीटरॉक हवाच. बारची आडभिंत गेलीय, म्हणून कंत्राटदार फोमचा खर्च २२ हजारांतच बसवेल.

वहिनी : लिहून घेते. सीलिंगबद्दल भांडू नका, मला सपाट शीटरॉकच हवंय.

भाऊजी : वरून पाण्याचे पाइप जातात. जाळीचं सीलिंग केलं तर त्यातला तक्ता उचलला की पाइप हाताशी.

वहिनी : जाळी तीन-चार इंच खाते. राहत्या खोलीला सात फूट उंची लागते, डक्टखाली थोडी सवलत असली तरी. आधीच डोक्यावर येणाऱ्या जागेत आणखी चार इंच गमवायचे नाहीत. व्हॉल्व्ह आहेत तिथे झाकणं ठेवू.

भाऊजी : मान्य. आता राखीव किती?

वहिनी : १५ टक्के. आणि त्याला माझा एक नियम आहे. राखीव रक्कम फक्त भिंतीमागे खर्च होईल. सडलेली कड, चुकीची वायर, नवं गळणारं काही. टाइल आवडली, दिवे सुंदर आहेत, यासाठी त्यातला एक डॉलर निघणार नाही. कामात जो बदल होईल तो किंमत लिहून, सही करून. तोंडी बदल शून्य.

भाऊजी : वहिनी, हे तुम्ही आमच्या कंपनीत येऊन शिकवा.

वहिनी : आता बेरीज. पाणी, रेडॉन, पंप ४,५००. खिडकी ६,५००. भिंती आणि सीलिंग २२ हजार. वीज ८ हजार. फ्लोअरिंग ६ हजार. बाथरूमचे खालचे पाइप ५ हजार. परवाना, नकाशा आणि कंटेनर दीड हजार. रंगाचं साहित्य पाचशे, मजुरी तुमची. झाले ५४ हजार. त्यावर १५ टक्के, ८,१००. एकूण ६२,१००.

भाऊजी : शंभराच्या फरकाने तिथेच आलो.

वहिनी : बचतीतून ३० हजार. बाकी ३२ घरावर उचलायचे. आठ टक्के धरले तर महिन्याला सुरुवातीला व्याज दोनशे तेरा डॉलर.

भाऊजी : तो दर बदलता असतो, हे ध्यानात ठेवा. राखीव उरली तर सरळ कर्जात भरा.

वहिनी : राखीव उरली तर बाथरूम.

भाऊजी : कर्ज.

वहिनी : बाथरूम. घर माझं आहे.

इथे दोघांचं एकमत होत नाही, आणि व्हायला हवंच असंही नाही. उरलेल्या पैशाचं काय करायचं हा आवडीचा प्रश्न आहे. त्याआधीचा क्रम मात्र आवडीवर सोडण्यासारखा नाही. पहिल्या कोटेशनमध्ये आणि शेवटच्या हिशेबात शंभर डॉलरचा फरक आहे, पण पहिल्यात बार आणि टाइल लावलेलं बाथरूम होतं, आग लागली तर बाहेर पडायला वाट नव्हती. दुसऱ्यात वाट आहे, कोरडी भिंत आहे, तपासलेली हवा आहे, आणि अडचण आली तर हात घालायला रक्कम आहे. वहिनींच्या पावणेतीन टक्क्यांच्या हिशेबाशिवाय हे काम सुरूच झालं नसतं. भाऊजींच्या प्लास्टिकच्या तुकड्याशिवाय ते दोन पावसाळ्यांत उखडावं लागलं असतं.

म्हणून बेसमेंटचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला एवढंच सांगणं. कंत्राटदाराला फोन करण्याआधी रेडॉनचा डबा ठेवा, जमिनीला प्लास्टिक चिकटवा, एका मोठ्या पावसात छत्री घेऊन घराभोवती फेरी मारा, आणि विमा एजंटाला एकच प्रश्न लेखी विचारा : बेसमेंटमध्ये पाणी आलं तर तुम्ही नेमकं काय भरून देणार? ही चार उत्तरं हातात आल्यावरच बजेटची पहिली ओळ लिहा. ती ओळ पाण्याची असू द्या, बारची नव्हे.